अण्णांची नाव आणि बापूमामांचा प्रचार

अण्णांनी चालू फटफटी देऊन नाव घेतली, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून सांगितली जाते, आणि सांगणारा प्रत्येक जण 'चालू' या शब्दावर जोर देतो. बंद पडलेली असती तर लोकांनी एक वेळ समजून घेतलं असतं. पण ती फटफटी एका किकमध्ये सुरू व्हायची. तिच्यावर अण्णा, आई, मी आणि पुढं टाकीवर जोंधळ्याचं अर्धं पोतं, असे आम्ही आजोळाहून घरी यायचो. अण्णा वडवणीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. धरण भरून दोन-तीन पावसाळे झाले होते. धरणावरच्या एका साहेबांनी हौसेखातर कुठूनशी शिडाची लाकडी नाव आणवली होती, चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. त्यांची बदली झाली. नाव सोबत नेता येईना, आणि नव्या गावी हिंडायला गाडी तर हवी. अण्णा त्यांना निरोप द्यायला म्हणून फटफटीवर गेले आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी बैलगाडीतून परत आले. काखेत एक इंग्रजी पुस्तक होतं आणि तोंडावर असं हसू होतं की आई ते बघूनच घाबरली.

"गाडी कुठाय?"

"दिली साहेबाला. तिच्या बदल्यात नाव घेतली."

"कुणाचं नाव घेतलं?"

"अगं, नाव. पाण्यातली."

आईच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. तेच हात तिनं कपाळाला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर शेजारणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सवत आणलीया. धरणावर ठिवलीया." हे निम्मंच ऐकून एक कंडक्टर अण्णांशी महिनाभर नीट बोलला नाही. तेव्हापासून नावेचं नाव 'सवत' पडलं. अण्णांनी तिच्या अंगावर निळ्या रंगात झोकदार अक्षरांत 'वेळेवर' असं लिहून घेतलं होतं, पण त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली नाही.

आमचं घर स्टँडच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं शेवग्याचं झाड. पहाटेची पहिली गाडी सुरू झाली की आमची भांडी फळीवर थरथरायची आणि त्या थरथरीनं मी जागी व्हायचे. मग अण्णांचा आवाज, "बीऽऽड, बीड, बीड!" त्यांना भोंगा लागत नसे. आईचं शिवणयंत्र दाराशी होतं, उजेडाला. गाड्यांचा खडखडाट थांबला की यंत्राचा ऐकू यायचा. आज माझ्या नातवाच्या फ्लॅटमध्ये आठव्या मजल्यावर मला झोप लागत नाही, ती शांततेमुळं. नातसुनेला वाटतं म्हातारपण.

त्या इंग्रजी पुस्तकात नाव कशी चालवायची ते चित्रांसह लिहिलेलं होतं. अण्णांचं इंग्रजी तिकिटाच्या मागं छापलेलं असतं तेवढं. शब्दकोश मांडीवर घेऊन ते ओळ-ओळ लावायचे आणि कळलेलं आम्हाला जेवताना सांगायचे. कोकणातली माणसं म्हणतात ते डोलकाठी, सुकाणू वगैरे शब्द आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हते. आमच्या घरात डोलकाठीला 'खांब' म्हणत, शिडाला 'पडदा', सुकाणूला 'शेपूट' आणि शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या लाकडाला, त्यानं पहिल्याच रविवारी अण्णांच्या कानशिलात वाजवल्यावर, 'मास्तर'. पडदा जुना होता, फाटलेला. अण्णा दाभण घेऊन तो शिवायला बसले. आईनं दोन दिवस तिकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ते टाके बघवेनात. "सरका," म्हणाली, आणि गादीच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची ठिगळं लावून तिनं सगळा पडदा यंत्रावर शिवून काढला. तो एवढा थोरला की यंत्रावरून उंबरा ओलांडून शेवग्याखाली गेलेला. शिवताना तिचं तोंड चालूच होतं, पण टाका मात्र एकही वाकडा पडला नाही.

मग रविवार सुरू झाले. अण्णांनी मिनतवाऱ्या करून रविवारची रजा पदरात पाडून घेतली होती. पहाटे आई धपाटे थापायची, लसणाची चटणी कुटायची, कडीच्या डब्यात दही बांधायची, आणि "मी येनार न्हाई" असं म्हणत सगळ्यात आधी लुगडं बदलून दारात उभी राहायची. धरणाच्या कडेच्या गावाला जाणारी सातची एसटी आम्ही धरायचो. तिथून पाण्यापर्यंत बाभळीतली पायवाट. पुस्तकात लिहिलेलं आणि आमच्यासमोर असलेलं, यांचा मेळ मात्र कधी बसला नाही. नावेच्या तळाला पाणी काढून टाकायचं एक भोक होतं. त्याचं बूच साहेबांबरोबर फटफटीच्या डिकीत गेलं असावं. आईनं जोंधळ्याचं पीठ घट्ट मळून ते भोक लिंपलं. पाऊण तास झकास गेला. मग पायाला गार लागलं. पिठाच्या वासानं खालून मासे जमले होते आणि त्यांनी आमचं बूच खाऊन टाकलं होतं. आम्ही माळकरी, मासे आम्हाला खाणार असतील ही कल्पना नव्हती.

दुसऱ्या वेळी आम्ही नाव एका बाभळीच्या खोडाला पक्की बांधून गेलो. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर नाव तिथंच, दोरी तशीच, पण पाणी गेलेलं. खाली कालव्याला पाणी सोडलं होतं आणि धरण शंभर पावलं मागं सरकलं होतं. नाव उतारावर एका कुशीवर आडवी पडली होती आणि तिच्या सावलीत दोन शेळ्या रवंथ करत होत्या. गुराख्यानं विचारलं, "कंट्रोलरसायेब, गाडी चुकली का?" त्या दिवशी आम्ही धपाटे नावेत बसूनच खाल्ले, जमिनीवर.

चालवायला मी लवकर शिकले. मी तेव्हा पंधराची. वारा कुठल्या गालाला लागतो त्यावरून शेपूट कुठं वळवायचं ते मला कळायचं, कसं ते सांगता यायचं नाही. अण्णांना सगळं सांगता यायचं, करता मात्र यायचं नाही. म्हणून ते पुढं बसून हुकूम सोडायचे, आणि हुकूम एसटीचे असत. निघायचं म्हणजे "डबल बेल!" आणि थांबायचं असलं की "मंदे, ब्रेक!" नावेला ब्रेक नसतो हे पुस्तकात बहुधा शेवटच्या पानावर होतं, ते तिथवर पोचले नाहीत. आई मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून, डोळे मिटून. पण पट्ट्यापट्ट्यांचा तो पडदा एकदा का वाऱ्यानं फुगला आणि नावेखालून पाण्याचा बारीक चुबुकचुबुक आवाज सुरू झाला, की ती एक डोळा उघडायची आणि आपण लावलेलं ठिगळ निघालं नाही ना ते बघून घ्यायची.

आता बापूमामा. आईचे थोरले भाऊ, धरणाच्या अलीकडच्या काठावर चिंचटाकळी म्हणून गाव, तिथले जमीनदार. पांढरं धोतर, टोकदार मिशा, आणि बोलणं असं की समोर एक माणूस असला तरी सभा असल्यासारखं. आमच्या नावेची टिंगल सगळ्यांत जास्त त्यांनी केली होती. "दाजी, पुढल्या साली बैलं दिऊन उडायचं इमान घ्या," असं ते भर पंगतीत अण्णांना म्हणाले होते. त्या साली मामा जिल्हा परिषदेला उभे राहिले, आणि एका सकाळी स्वतः आमच्या घरी आले. आईनं साखर जास्त घालून चहा केला. मामांनी बशीतला चहा फुंकत विषय काढला.

त्यांच्या निवडणुकीच्या गटात सावरगव्हाण नावाचं गाव होतं, धरणाच्या पलीकडच्या काठावर. जुनं सावरगव्हाण पाण्यात गेलं होतं. लोकांना वर माळावर नवं गाव बांधून दिलं होतं. चिंचटाकळीतून ते समोर दिसायचं, पण सडकेनं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून दोन एसट्या बदलाव्या लागत.

"पान्यावरून गेलं तर मान्सावर छाप पडतीया," मामा म्हणाले. "आजवर कुनी पुढारी पान्यातून आला न्हाई. आन सुमे, तू बी चल. आपली भागामावशी तितंच हाय, बायांची मतं तुज्या हातात हायत."

अण्णा त्यांच्याकडं बघतच राहिले. नावेला कामाची वस्तू म्हणणारा तो जगातला पहिला माणूस होता. "सुटायची वेळ सकाळी साडेआठ," ते म्हणाले. 

त्या रविवारी नावेत आम्ही पाच जण. अण्णा, आई, मी, मामा आणि लाउडस्पीकरवाले शब्बीरभाई. शब्बीरभाई पन्नाशीचे, अंगानं भरलेले, सगळ्या पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या कर्ण्यांवर लागलेली. त्यांनी दोन थोरले कर्णे खांबाच्या शेंड्याला बांधले, तोंडं पुढं गावाकडं, आणि मोटारीची बॅटरी व मशीन माझ्या पायाशी ठेवलं. नाव आधीच चार जणांची. काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उरला होता. शब्बीरभाईंनी पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मालक, मैं किनारेपर रुकता. आवाज तितंवर जाता मेरा." मामांनी ऐकलं नाही. काठ सुटून पाच मिनिटं झाली नसतील, शब्बीरभाई तळाशी पालथे पडले आणि "या अल्ला, मेरेकू उतारो" एवढंच म्हणत राहिले.

पण सुरुवात झोकात झाली. वारा पाठीवर होता, ऊन कोवळं होतं. सावरगव्हाण जवळ येऊ लागलं तसे मामा बसल्या जागी ताठ झाले, माइक तोंडाशी धरला, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून असा काही गेला की पलीकडची बगळ्यांची रांगच्या रांग उठली. "सावरगव्हानच्या माज्या मायबाप मतदारांनोऽऽ!" लोक घरांतून बाहेर आले. गावामागच्या डोंगरानं ते सगळं पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. बायका डोक्यावर पदर घेऊन काठावर उतरल्या, पोरं पाण्यात शिरली. मामांनी रस्ता दिला, शाळेला खोली दिली, नळ दिला. नळ म्हणाले तेव्हा काठावरून टाळ्याही आल्या. आम्ही जेमतेम हाकेच्या अंतरावर आलो होतो, आणि तिथं वारा पडला.

वारा पडतो म्हणजे काय हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. कुणीतरी बटण बंद करावं तसा तो जातो. पडदा वाळत घातलेल्या गोधडीसारखा लोंबला. नाव जागच्या जागी, काठावर सगळं गाव, मध्ये काचेसारखं पाणी. दोन वल्ही होती. त्यांतलं एक आदल्या महिन्यात बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांत अडकून गेलं होतं. अण्णांनी उरलेलं एक मारून पाहिलं तर नाव स्वतःभोवती फिरली. ती पुन्हा गावाकडं तोंड करून उभी राहिली तेव्हा मामांचा संयम संपला. त्यांनी माइकचं बटण खाली केलं आणि तो मांडीवर ठेवला.

त्या माइकचं बटण वर्षभरापासून मोडलेलं होतं. बंद करायला वायर उपसावी लागायची, आणि ते फक्त शब्बीरभाईंना ठाऊक. मशीन माझ्या पायाशी होतं. त्यावरचा लाल दिवा चालू आहे हे मला दिसत होतं. कर्ण्यांची तोंडं पुढं होती, आम्ही पाठीमागं. आमच्याकडं नुसतं घुमल्यासारखं ऐकू येत होतं, आणि भांडणाऱ्या माणसाला आपला आवाज घुमतोय याचं काही विशेष वाटत नाही. मला मात्र कळलं. मामांचं पहिलं वाक्य झालं तेव्हा काठावरची पोरंसुद्धा गप्प झाली, तेव्हाच कळलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

"दाजी, तुमच्या या खोक्यापायी इलेक्शन जातंय माजं," मामा म्हणत होते. "पर जाऊ द्या. या सावरगव्हानचं काय एवढं? आदल्या रात्री दोन बोकड कापले की समदं गाव दावनीला."

"आन नळ?" आईनं विचारलं.

"नळ आत्ताच दिला तर पुढच्या बारीला मागतील काय? कायतरी मागं ठिवावं लागतं, सुमे. तुला राजकारन कळत न्हाई."

मग आई बोलली. मी माझ्या आईला थोरल्या भावासमोर मान वर करून बोललेलं तोवर कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्यासमोर खुर्चीवर बसत नसे. त्या दिवशी तिनं नावेचे काठ सोडले, हात मोकळे केले आणि म्हणाली, "दादा, कावून असं बोलतोस? तू आत्ता तरंगतोस कशावर, ठाव हाय का? त्यांच्या रानावर. तुजं रान पान्याच्या वर ऱ्हायलं, त्यांचं खाली गेलं, एवढाच फरक हाय तुज्यात आन त्यांच्यात. दाराम्होरं समिंदर दिसतोय, आन भागामावशी या वयात मांडीएवढ्या गाळातून घागर भरून आनतीया. बोकड कसले कापतोस तिला? तिला दात तरी हायत का?"

मी तोंड मिटलं. लाल दिव्यावर मी माझ्या परकराचा घोळ सोडला, की कुणाला दिसू नये. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामा गेले, अण्णा गेले, शब्बीरभाई तर केव्हाच गेले आणि जन्मभर तो दोष आपल्या बटणाचा मानत राहिले. आईला शेवटच्या आजारपणात सांगावं असं फार मनात आलं होतं. सांगितलं नाही. ती हसली असती की रागावली असती, हे मला अजून ठरवता येत नाही.

काठावरून एकदम टाळ्या आणि शिट्ट्या आल्या. मामांना वाटलं आपल्यासाठी. ते हात जोडायला उठून उभे राहिले, आणि नेमका तेव्हाच वारा परत आला, एका दमात आणि भलत्या बाजूनं. मी शेपूट दाबलं. अण्णा ओरडले, "मंदे, ब्रेक!" पट्ट्यांचा पडदा फाडकन फुगला, मास्तर इकडून तिकडं फिरला, मामांच्या कमरेत बसला, आणि मामा गेले. जाताना त्यांनी खांब धरला. खांबावर दोन कर्णे होते. सगळी नाव हळूच, एखाद्या म्हशीनं कूस बदलावी तशी, आडवी झाली. "मेलो!" हा मामांचा शेवटचा शब्द कर्ण्यांतून सगळ्या धरणावर गेला, डोंगरानं तो परत केला, मग "कुईऽऽ" असं झालं आणि सगळं शांत.

पाण्याखाली हिरवा अंधार होता. मी वर आले तेव्हा आई लुगड्याचा फुगा करून तरंगत होती. तिला लहानपणी विहिरीत पोहायला याच भावानं शिकवलं होतं. अण्णा उलट्या नावेला मिठी मारून होते. शब्बीरभाई बॅटरीचं खोकं शोधत होते, त्यांची मळमळ कुठल्या कुठं गेली होती. आणि मामा बुडत होते. हात वर, मिशा खाली, "वाचवा, सुमे, माज्या पोरांना सांबाळ," असं मधूनमधून वर येऊन सांगत होते.

काठावर एक म्हातारा पुढं आला. कोंडिबा त्याचं नाव. दोन्ही हात तोंडाभोवती धरून तो ओरडला, "बापूसायेब! उभं ऱ्हावा! माजं रान हाय ते! कमरंएवढंच पानी हाय!"

मामा उभे राहिले. पाणी कमरेएवढं होतं. मग आई उभी राहिली, मग अण्णा, मग शब्बीरभाई. धरणाच्या मधोमध, आमच्या मते, आम्ही पाच जण उभे होतो आणि कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

"तितंच थांबा!" कोंडिबा पुन्हा ओरडला. "डाव्या अंगाला जाऊ नका, तितं हीर हाय माजी!"

विहीर म्हटल्यावर मात्र कुणी हललं नाही. कोंडिबा धोतर खोचून पाण्यात उतरला आणि आमच्याकडं चालत आला. पाय शोधत नव्हता, सरळ येत होता, वळायचं तिथं वळत होता, जसा माणूस आपल्या बांधावरून येतो. तो बांधावरूनच येत होता. बांध त्याला दिसत होता. त्यानं मामांचा हात धरला, मामांनी आईचा, आणि अशी आमची माळ करून तो आम्हाला काठाकडं घेऊन निघाला. मध्येच एके ठिकाणी तो जरा थांबला, पायानं चाचपलं. "लिंबुनी व्हती हितं," म्हणाला. "लई धरायची." आणि पुढं चालू लागला.

भागामावशीच्या घरी आम्हाला कोरडे कपडे मिळाले. मामांना कोंडिबाचं धोतर मिळालं, ते गुडघ्यावरच संपत होतं. पिठलं आणि ऊन भाकरी झाली, वर शेंगदाण्याची चटणी, आणि कधी खाल्लं नसल्यासारखे आम्ही जेवलो. गाव दारात दाटलेलं, पण कुणी अवाक्षर काढेना. मामांना ते आदरातिथ्य वाटलं. दुसरी भाकरी वाढताना मावशीनं बोळक्या तोंडानं विचारलं, "बापू, बोकड कधी कापायचा म्हनतोस? दात न्हाईत रं मला. रस्सा पातळ कर."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी मावशीकडं पाहिलं, मग दारातल्या माणसांकडं, मग शब्बीरभाईंकडं. शब्बीरभाई ताटात बघत होते. शेवटी त्यांनी आईकडं पाहिलं. आईला तेव्हाच कळलं की आपण भावाशी बोललो ते सगळ्या गावाशी बोललो. तिचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं मान खाली घातली नाही. मामा उठले, हात धुतला, आणि ते आखूड धोतर नेसून वळशाच्या सडकेनं एकटेच चालत निघून गेले.

निवडणुकीत मामा पडले. सावरगव्हाणनं त्यांना मत दिलं नाही हे खरं, पण इतर गावांनीही फार दिलं नव्हतं. तरी नात्यागोत्यात एकच झालं, सख्ख्या बहिणीनं भावाला बुडवलं. मामांनी आमच्याकडं येणं सोडलं. पत्र नाही, निरोप नाही. अण्णांनी नाव काढून टाकायचं ठरवलं. त्यांनी ती सरळ करून, सुकवून काठावर पालथी घातली होती आणि रविवारी घरातच बसून पुस्तकाला कव्हर घालत होते. आई यंत्र चालवायची, पण गाडी स्टँडात शिरली की तिचा पाय थांबायचा. चिंचटाकळीची माणसं ज्या गाडीनं येत ती गाडी तिला आवाजावरून कळायची.

दिवाळी आली. पाडवा झाला. भाऊबीजेच्या सकाळी आईनं दारात सडा-रांगोळी केली, पाट मांडला, करंज्यांचा डबा काढला. नऊची गाडी गेली, अकराची गेली. एकची आली तेव्हा अण्णा स्वतः प्रत्येक उतरणारा माणूस बघून घरी आले आणि पाणी प्यायले. आईनं पाट उचलून भिंतीला लावला. मग तिनं ताट घेतलं, निरांजन, हळदकुंकू, सुपारी, करंज्या, सगळं फडक्यात बांधलं आणि म्हणाली, "मंदे, चल. अवो, तुमी बी उठा. नाव सरळ करा."

"बसनं जाऊ की," अण्णा म्हणाले.

"बसनं गेलं की तो मागल्या दारानं रानात जाईल. पान्यावरून येताना दिसलो, तर बघत तरी बसंल."

तिचं बरोबर होतं. मामांचा गुरांचा वाडगा पाण्याला लागूनच होता. आम्ही वळणावरून बाहेर पडलो तेव्हा ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. पट्ट्यांचा पडदा दिसताच त्यांनी बाज उचलली, उलटी फिरवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले.  मी नाव काठाशी नेली, पण पाणी पुन्हा मागं हटलेलं. मध्ये वीसेक पावलं ओला, काळा, चकचकीत गाळ होता.

"थांब," अण्णा म्हणाले, "पुस्तकात असं—"

आई तोवर ताट घेऊन उतरली होती. चार पावलं ती चालली, पाचव्याला गुडघ्यापर्यंत गेली, सहावं टाकताच आलं नाही. लुगडं गाळावर पसरलं, ताट मात्र तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेलं. "दादा," ती म्हणाली. मामा हलले नाहीत. "दादा, मी खाली चाललीया."

मामांनी मान वळवून पाहिलं. मग ते उठले, जोडे काढून बाजेखाली नीट ठेवले, आणि "येडी हाय, जलमाची येडी हाय," असं पुटपुटत गाळात शिरले. ते अंगानं आईच्या दुप्पट. तिच्यापाशी पोचेस्तोवर मांडीपर्यंत गेले होते. तिचा हात धरून त्यांनी ओढायला पाहिलं, तर स्वतःच आणखी वीतभर खाली गेले. आता दोघं समोरासमोर, एका उंचीची झाली होती, आणि दोघांनाही मागं-पुढं होता येत नव्हतं.

आईनं ताट खाली घेतलं. निरांजन केव्हाच विझलं होतं. तिनं मामांच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांचीच काडेपेटी काढली, तिसऱ्या काडीला वात लागली. तिनं त्यांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, गाळात वाकता येईना म्हणून नुसतं हात लांब करून ओवाळलं. अण्णा आणि मी नावेत उभे होतो. अण्णांनी टोपी काढली होती, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मामांनी मिशांवरून हात फिरवला, तर मिशांना गाळ लागला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सभेतलाच होता.

"बोल, सुमे. ववाळनी काय पायजे?"

"आदी मला हितून भाईर काड," आई म्हणाली.

त्यासाठी मग बैलजोडी आणावी लागली.